बाबल, करार पाठवतो आहे. पण आधी हे वाच

वेंगुर्ले

प्रिय बाबल,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की मनूसाठी मुंबईच्या एका संगीत कंपनीकडून करार आला आहे, आणि तो वाचल्यापासून ज्या एकाच माणसाशी बोलावेसे वाटते आहे तो पुण्यात बसला आहे. फोनवर हे सांगता येणार नाही. तू वकिली आवाजात "मुद्द्यावर ये" म्हणशील, आणि माझा मुद्दा तर घरभर पसरलेला आहे. इकडे सर्व क्षेम आहे. माझी साखर आटोक्यात आहे, आईचे गुडघे पाऊस लागल्यापासून धरले आहेत, कौले यंदा गळली नाहीत.

आता करार. मालिका संपल्यावर मनूला लोक विसरतील असे आम्ही धरून चाललो होतो, पण अजूनही सावंतवाडीच्या बाजारात बायका तिला थांबवून फोटो काढून घेतात, आणि कंपनीला नेमके तेच विकायचे आहे. पाच गाण्यांचा पॉप-रॉक अल्बम काढायचा, गाणी त्यांची, चाली त्यांच्या, आवाज मनूचा. तीन वर्षे तिने दुसऱ्या कोणासाठी गायचे नाही. आठवड्याला ठरावीक रील टाकायचे. दहावीच्या परीक्षेचा उल्लेख कुठेही नाही. आणि नववे कलम असे आहे की कलाकाराने आपले दिसणे व शरीरयष्टी कंपनीच्या वेळोवेळीच्या सूचनांनुसार राखावी. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. पंधरा वर्षांच्या मुलीच्या करारात हे वाक्य टाइप करताना कोणाचाही हात अडखळला नाही, याचे मला नवल वाटते आणि रागही येतो.

त्याच आठवड्यात मनूने मला एक अल्बम ऐकवला, आणि या पत्राचे खरे कारण तो अल्बम आहे. अमेरिकन गायिका डेमी लोवाटोचे नाव तुझ्या कानावरून गेले असेल, पण तू तिचे काही ऐकले नसणार, कारण डिस्ने म्हटले की तू खोली सोडून जातोस. मनूला ती उलट्या बाजूने सापडली. २०२३ साली डेमीने आपली जुनी गाणी जड रॉकमध्ये पुन्हा गाऊन 'रिव्हॅम्प्ड' काढला. त्यातल्या एका गाण्यात गिटार स्लॅश वाजवतो (आता तू खुर्चीत सरळ बसला असशील). तिथून मनू मागे मागे जात पहिल्या अल्बमपर्यंत पोचली. त्याचे नाव 'डोन्ट फर्गेट', साल २००८, महिना सप्टेंबर. डेमी तेव्हा सोळा वर्षांची होती. दहाव्या वर्षाच्या आसपास ती 'बार्नी अँड फ्रेंड्स' या लहान मुलांच्या कार्यक्रमात होती, आणि अल्बमच्या आधी तीनच महिने, जूनमध्ये, डिस्ने चॅनलवर 'कॅम्प रॉक' हा चित्रपट येऊन ती घराघरांत पोचली होती. त्या उन्हाळ्यात जोनास बंधूंच्या बँडच्या दौऱ्यात त्यांच्या आधी मंचावर जाऊन ती गात होती, आणि शाळा सुरू होताहोता अल्बम दुकानांत आला. पहिल्याच आठवड्यात ८९,००० प्रती खपल्या आणि तो अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. पहिल्या क्रमांकावर कोण होते ते ऐक: तुझा लाडका बँड मेटॅलिका, 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम घेऊन, सलग तिसऱ्या आठवड्याला. म्हणजे २०११ साली दिवाळी अर्धी टाकून, भाऊबीज आटोपताच ज्यांच्यासाठी तू बंगळूरला पळालास, आणि ज्यावरून आपण पुढे कितीतरी दिवस बोललो नाही, त्यांच्या पाठोपाठ एक सोळा वर्षांची मुलगी उभी होती. हे वाचून तुला हसू यावे म्हणून लिहिले आहे, पण त्या मुलीला कमी लेखू नकोस.

कारण अल्बम चांगला आहे. मी तो संध्याकाळी पडवीत मनूच्या हेडफोनवर पूर्ण ऐकला, बाहेर पाऊस आणि आत वीज गेलेली. अकरा गाणी आहेत. निम्म्याहून अधिक गाण्यांच्या लेखनात जोनास बंधूंचा हात आहे, पण बहुतेक ठिकाणी तिचेही नाव आहे, आणि ते ऐकू येते. गिटार पुढे आहेत, ड्रम कोरडे आणि ठसठशीत आहेत, की-बोर्डचा गोडवा ओतलेला नाही. 'ला ला लँड'मध्ये ती हॉलिवूडला सांगते की मी ड्रेसवर माझे कॅनव्हासचे बूटच घालणार, मला बदलायला येऊ नका. 'गेट बॅक' हे सरळ पळणारे गाणे आहे, तुला त्याची फिरून फिरून येणारी गिटारची रिफ आवडेल. अल्बमच्या नावाचे गाणे एकट्या गिटारवर, जवळजवळ कानात बोलल्यासारखे सुरू होते, पुढे सगळी वाद्ये एकदम अंगावर येतात, ती अक्षरशः ओरडते, आणि शेवटी पुन्हा आवाज उतरतो. त्या ओरडण्यात आवाज फाटत नाही, बाबल. सोळाव्या वर्षी तो ताबा कुठून आला असेल याचा विचार मी पेटीवर बसून बराच वेळ केला. आपल्या ऑर्केस्ट्रात असा आवाज एकाही मुलीला काढू दिला गेला नसता. गॅदरिंगच्या वेळी तू गिटारचा आवाज मुद्दाम फाडण्याचा, तुझ्या त्या डिस्टॉर्शनचा आग्रह धरलास आणि मी चित्रपटगीतांचा, तो वाद मला आठवला. आजही माझे म्हणणे असे की त्या उसन्या अँप्लिफायरवर तुझे डिस्टॉर्शन कोणालाच ऐकवले नसते, पण तत्त्व तुझे खरे होते.

मग शेवटचे गाणे लागले, 'बिलीव्ह इन मी'. मनूने तोवर एक अक्षर उच्चारले नव्हते. ते सुरू होताना ती म्हणाली, "बाबा, हे नीट ऐका." गाण्यात ती मुलगी म्हणते की सगळ्यांशी बरोबरी करता करता मी स्वतःलाच हरवत चालले आहे, मला भ्यायचे नाही, एक सकाळ तरी आपण सुंदर आहोत असे वाटून जागे व्हायचे आहे. एखाद्याला ते किशोरवयातले नेहमीचे गाणे वाटेल, २००८ साली बहुतेकांना तसेच वाटले असणार. पण दोनच वर्षांनी, २०१० मध्ये, अठरा वर्षांची असताना ती दौरा अर्ध्यावर सोडून उपचारांसाठी दाखल झाली, आणि पुढे तिने स्वतः जाहीरपणे सांगितले की खाण्याचा आजार आणि स्वतःला इजा करून घेणे हे तिच्यामागे लहानपणापासून होते. २०१८ साली अमली पदार्थांच्या अतिसेवनाने ती मरता मरता वाचली. म्हणजे ज्या महिन्यात पाच लाखांकडे निघालेला अल्बम मोजला जात होता, त्याच महिन्यात त्याच अल्बमच्या शेवटच्या गाण्यात ती मुलगी आपले दुखणे सगळ्यांच्या कानात सांगत होती. लोकांनी ते गाणे म्हणून विकत घेतले, गुणगुणले, आणि पुढे गेले. तिच्याभोवती मोठी माणसे कमी नव्हती.

मनूला यातले सगळे माहीत आहे. डेमीने २०२४ साली बालकलाकारांवर एक माहितीपट सहदिग्दर्शित केला, त्यात ड्रू बॅरीमोर, क्रिस्टिना रिची असे लहानपणीच प्रसिद्ध झालेले लोक बोलले आहेत. मनूने त्यातले तुकडे पाहिले आहेत. मग हे गाणे मला ऐकवून तिला काय सांगायचे होते? मी विचारले तेव्हा ती "आवडतं म्हणून" एवढेच म्हणाली.

पण परवा रात्री जेवताना तिने पानातला भात वाटीने उचलून पुन्हा टोपात टाकला. आईने वाढलेला, वर बांगड्याची आमटी घातलेला भात, तिने कडेचा कोरडा भाग वेगळा करून परत ठेवला, इतक्या सवयीने की हे आज पहिल्यांदा घडत नाही हे मला कळले. घावणे तर महिनाभर तिने तोंडात घातलेले नाहीत. मालिकेच्या वेळी कोणीतरी तिला म्हणाले होते की कॅमेऱ्यात चेहरा भरलेला दिसतो. आम्ही ते घरी हसण्यावारी नेले होते, तिने नेले नव्हते. बेबीताईचे ते बांद्याचे वर्ष तुझ्या घराने कसे काढले ते मी पाहिले आहे, म्हणून हे दुसऱ्या कोणालाच लिहू शकत नाही. तिला मी अजून काही विचारलेले नाही. बेबीताईंना काय विचारले असते तर बरे झाले असते, हे तुला ठाऊक असेल, किंवा त्या सांगतील. त्यांना विचारून मला कळव. कुडाळला किंवा गोव्यात मुलांच्या मनाचे डॉक्टर कोण चांगले, हेही मी शोधतो आहे.

हिचे म्हणणे वेगळे आहे आणि ते मी खोडून काढू शकत नाही. ती म्हणते की त्याच डेमीने एकतीसाव्या वर्षी ती सोळाव्या वर्षाची गाणी टाकून दिली नाहीत, पुन्हा उभी राहून अधिक जोरात गायली, मग त्या गाण्यांनी तिला मारले की जगवले? मुलीला गायचे आहे, रोखलेस तर ती खोलीत बसून काय करेल? बरोबर आहे. मलाही मनूला रोखायचे नाही. आपल्याकडे दशावतारात कोवळी पोरे रात्र रात्र उभी राहतात, भजनाच्या डबलबारीत, दोन बुवांच्या सामन्यात, दहा-बारा वर्षांची मुले बुवांच्या मांडीला मांडी लावून गातात, आणि त्यातली बहुतेक सुखरूप मोठी झाली. पण तिथे पोराचा मामा नाहीतर काका शेजारी बसलेला असे आणि पोर पेंगले की त्याला उचलून घरी नेई. या करारात उचलून घरी नेणारे कोणी नाही.

म्हणून तुझ्याकडे आलो. मी जे वाचले ते असे आहे, चुकत असेल तर दुरुस्त कर. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ चे नियम आले. त्यांप्रमाणे बालकलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त, आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत जातात. मालिकेच्या वेळी मनू तेरा वर्षांची होती, तेव्हा हे सारे होते, निदान कागदावर होते. पण हे नियम चौदा वर्षांखालच्या मुलांचे. ती आता पंधराची आहे, म्हणजे तासांचे बंधनही गेले आणि ठेवीचेही. कॅलिफोर्नियात १९३९ पासून कूगन कायदा आहे. चॅप्लिनबरोबर काम केलेल्या जॅकी कूगनची लहानपणची कमाई आईने आणि सावत्र वडिलांनी उडवल्यावर तो आला, आणि आज त्याप्रमाणे अठरा वर्षांपर्यंत १५ टक्के बाजूला पडतात. आपल्याकडे पंधरा ते अठरा या तीन वर्षांत मुलीच्या आणि कंपनीच्या मध्ये फक्त बापाची सही उभी असते. अज्ञानाशी, म्हणजे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीशी, केलेला करार कायद्याने रद्दबातल, म्हणून सही माझी मागितली आहे. याचा उपयोग आपल्या बाजूने करता येईल ना?

मला पुढील गोष्टी हव्या आहेत, जमतील तशा भाषेत बसव. नववे कलम पूर्ण निघाले पाहिजे, त्यात तडजोड नाही. पाचांपैकी निदान दोन गाणी मनूने स्वतः लिहिलेली असावीत. तिच्याकडे वही भरून आहेत, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखकाचा मानधनाचा हक्क कंपनीला सहजी काढून घेता येत नाही असे मी वाचले आहे. पैशापेक्षाही मला हे हवे आहे की तिला काही सांगायचे असेल तर ते तिच्या शब्दांत यावे, आणि आम्ही ते गाणे म्हणून ऐकून सोडून देऊ नये. ऑक्टोबरपासून परीक्षा संपेपर्यंत एकही रेकॉर्डिंग नको. प्रत्येक वेळी स्टुडिओत आमच्यापैकी एक जण आत बसेल, बाहेरच्या सोफ्यावर नाही. आणि तिला थांबायचे असेल तेव्हा दंड न भरता थांबता आले पाहिजे. हे शेवटचे ते देणार नाहीत असे मला वाटते. दिले नाही तर मी सही करणार नाही, मग मनू माझ्याशी बोलली नाही तरी चालेल.

तुझ्या मुलाचा जर्मनीचा प्रवेश झाला हे ऐकून फार आनंद झाला, त्याला सांग की तिथे थंडीत कोकमाचा उपयोग नाही, मसाला पाठवतो. वहिनींचे शाळेतले प्रकरण मिटले का? काका आता चालतात ना? नवा फ्लॅट कसा आहे ते सविस्तर लिही, की आम्हीच येऊन पाहू?

कराराची प्रत सोबत आहे, नवव्या कलमाखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. कंपनीला चतुर्थीच्या आठ दिवस आधी उत्तर हवे आहे, तेव्हा कोर्टाच्या तारखा पाहून मला त्याआधी कळव. चतुर्थीला येणार असशील तर बेबीताईंनाही घेऊन ये, मनू त्यांच्याजवळ बसते.

तुझा,
दाजी

ता. क. मनूने विचारले आहे की तिच्या इलेक्ट्रिक गिटारवर नऊच्या तारा लावाव्यात की दहाच्या. मी पेटीवाला माणूस, मला यातले कळत नाही. तिला तूच स्वतंत्र उत्तर लिही, आणि या पत्रातले तिला अजून काही बोलू नकोस.