‘एकवीरे’च्या फळ्या

मुंबई, 19 जुलै

ती. आई आणि ती. बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला. पण बाबा, तुम्हांला फोनवर नीट ऐकू जात नाही, आणि आई तुमच्या कानात ओरडून सांगायला लागली की अर्धं राहूनच जातं. म्हणून लिहितेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तुमचं तुम्हांला वाचता यावं म्हणून. शेवटी एक प्रश्न आहे. त्याचं उत्तर फक्त तुमच्याकडे आहे.

मी ‘एकवीरा’ बांधतेय. वर्सोव्याच्या खाडीवर तुम्ही बांधलेली शेवटची मोठी बोट. लांबी 36 फूट, रुंदी 11 फूट, हे तुम्ही गेल्या गणपतीत पडवीत बसून सांगितलंत, तेव्हाच वहीत लिहून घेतलं होतं. खरीच्या विसाव्या हिश्शाने करतेय, म्हणजे 55 सेंटिमीटरची होईल. तयार संच आणलेला नाही. कण्यापासून फळीपर्यंत सगळं मीच कापलंय. नाखव्याने ती बोट मोडीत काढून फायबरची घेतली, त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात. तेव्हापासून हे माझ्या डोक्यात होतं.

जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली आणि बोटी वर ओढल्या गेल्या, तेव्हा दोन रविवार खाडीवर जाऊन आले. 31 जुलैपर्यंत त्या तिथेच असतात, ताडपत्रीखाली. आता बऱ्याचशा फायबरच्या आहेत, पण एक जुनी लाकडी तुमच्याच धाटणीची सापडली. मालकाला तुमचं नाव सांगितलं, तर त्याने शिडी आणून दिली. दर तीन फुटांवर काठापासून पठाणापर्यंत, म्हणजे बुडाच्या कण्यापर्यंत, सुतळी अंगाबरोबर लावून मापं घेतली. बुडाखाली वाकले तर मुशीच्या तेलाचा तोच वास आला, तुमच्या खाकी शर्टाला यायचा तो. थोडा वेळ तिथेच बसून राहिले.

लाकूड सागाचंच हवं असा माझा हट्ट होता. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ जहाज 1817 साली पाण्यात उतरलं, सागाचं होतं म्हणून अजून टिकलंय, हे मी लहानपणी तुमच्याच तोंडून ऐकलं होतं. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. रे रोडच्या लाकूडबाजारातून सागाचे तुकडे आणले, दीड मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या चिरून घेतल्या. पण साग तेलकट, फेविकॉल नीट धरेना. नाळेशी, पुढच्या टोकाला, वाकवायला गेलं की एवढी बारीक पट्टी तडकायची. तुमचं लाकूड इंच-सव्वा इंच जाड, वर खिळे मारलेले, तिथली गोष्ट निराळी. शेवटी पठाण आणि नाळ सागाची ठेवली आणि फळ्यांना स्टीम बीच, म्हणजे वाफवलेलं बीचचं लाकूड, घेतलं. ते भिजवलं की ऐकतं.

फळी लावण्याआधी फासळ्यांच्या कडा घासण्यात पूर्ण आठवडा गेला. प्लायच्या अकरा फासळ्या आहेत. पुढच्या फासळ्यांची कड नाळेच्या बाजूला तिरकी उतरवावी लागते, नाहीतर फळी फासळीच्या नुसत्या कोपऱ्यावर टेकते. एक लवचिक पट्टी आडवी धरायची, पलीकडे दिवा ठेवायचा आणि पट्टीखालून उजेड कुठे येतो ते बघायचं. उजेड दिसला की तिथे अजून घासायचं. तुम्ही हेच खडू लावून करायचात. फळीवर खडू उमटला नाही तिथे पटाशी चालायची. मी तेव्हा शेजारी बसून बघायचे, पण तुम्ही नेमकं काय शोधताय ते कळायचं नाही.

वाकवायचं काम मात्र आईच्या बरणीने केलं. आई, तू कैरीचं लोणचं दिलं होतंस ती चिनी मातीची बरणी. तिच्या पोटाची गोलाई आणि बोटीच्या पुढच्या अंगाची गोलाई जवळजवळ सारखी आहे. पट्टी उकळत्या पाण्यात वीस मिनिटं ठेवते, मग बरणीभोवती सुती पट्टीने गुंडाळून रात्रभर तशीच ठेवते. सकाळी सोडली की तो बाक राहतो. बाबा, खाडीवर तुम्ही फळी ओली करून खाली जाळ घालायचात आणि तिच्या शेंड्यावर मला बसवायचात, वजन म्हणून. फळी हळूहळू खाली जायची आणि तिच्याबरोबर मीही. पाय वाळूला लागले की तुम्ही “बस, झालं” म्हणायचात. परवा पहिली पट्टी बरणीवरून सुटून आली तेव्हा माझ्या तोंडून तेच शब्द आले.

एक चूक झाली, तीही सांगते. उत्साहात डावी बाजू आधी लावत गेले. नऊ पट्ट्या झाल्या. छान दिसत होतं. मग नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोरा ताणला तर मधला कणा दोऱ्यापासून चार मिलिमीटर बाजूला! लाकूड वाळताना आणि गोंद आवळताना एकाच अंगाने ओढत होतं, समोर धरून ठेवायला काहीच नव्हतं. खऱ्या बोटीत चार मिलिमीटरचे तीन इंच होतात. ती बोट सरळ चालली नसती. त्या रात्री मी नऊच्या नऊ पट्ट्या काढल्या. ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली की फेविकॉल मऊ पडतो, मग सुरीचं पातं घालून हळूहळू. दोन मोडल्या, सात वाचल्या. आता एक डावी, एक उजवी अशी लावते आणि प्रत्येक जोडीनंतर दोरा ताणून बघते. तुमच्या हाताखाली दोन सुतार दोन बाजूंना एकाच वेळी खिळे मारत असायचे. मला वाटायचं, काम लवकर उरकावं म्हणून.

कपडे वाळत घालायचे चिमटे सगळे बोटीवर आहेत. कपडे दोरीवर नुसतेच टाकते सध्या.

आई, आता तुझ्या वाट्याचं. फळ्यांच्या फटींत ठासायला कापसाच्या वाती तू वळून द्यायचीस. देवापुढच्या वातींसारख्याच, पण लांब आणि करकचून पीळ दिलेल्या. टोपलीभर वाती दुपारच्या डब्याबरोबर खाडीवर जायच्या. छोट्या बोटीत एवढी फट ठेवता येत नाही. प्रत्येक पट्टीच्या कडेवर मऊ शिसपेन्सिल फिरवते आणि मग चिकटवते, म्हणजे दोन फळ्यांमधे बारीक काळी रेघ राहते, डांबर भरल्यासारखी. पण एका जागी, उजव्या अंगाला, काठापासून पाचव्या फटीत मी खरी वात घातलीय. दिव्यासाठी तू पाठवलेल्या वातींतली एक उसवून, केसाएवढी करून. बाहेरून ओळखू येत नाही. तुला दाखवीन.

आता प्रश्न, बाबा.

मधल्या फासळीवर काठापासून पठाणापर्यंत 126 मिलिमीटर भरतात. पट्टी 6 मिलिमीटर रुंद, म्हणजे एका अंगाला 21 पट्ट्या. नाळेशी तेच माप साधारण 94 होतं, म्हणून प्रत्येक पट्टी पुढे निमुळती करत साडेचारवर आणली. अर्ध्याहून बारीक करायची नाही, टोकाला खिळा धरत नाही, हे तुमचं वाक्य लक्षात होतं. इथवर ठीक झालं. पण मागे उलटं आहे. तिथे 138 भरतात. 21 पट्ट्या पूर्ण रुंदीने नेल्या तरी 12 मिलिमीटर, म्हणजे दोन पट्ट्यांची जागा उघडी राहते.

सध्या वरून 13 आणि पठाणाकडून 4 पट्ट्या दोन्ही बाजूंना लागल्यात. बोटीच्या पोटात चार पट्ट्यांची जागा शिल्लक आहे, मागे ती सहा पट्ट्यांएवढी रुंद होते. तिथेच थांबलेय.

तुम्ही ‘एकवीरे’ला ही जागा कशी भरली होतीत? मागे रुंद होत जाणाऱ्या फळ्या घेतल्या होत्यात, की दोन फळ्यांच्या मधे पाचरीसारखी निमुळती फळी घातली होतीत? मला पाचरच आठवते. तिचं टोक सुईसारखं काढलं नव्हतंत, बोथट ठेवून शेजारच्या फळीला खाच पाडून त्यात बसवलं होतंत. पण ती कितव्या फळीखाली होती आणि तिचं टोक कुठल्या फासळीवर यायचं, हे आठवत नाही. माझ्याकडे बोटीचा एकच फोटो आहे, तोही पुढून काढलेला. नाळेला हार आहे, तुम्ही शेजारी उभे आहात, मागचं काहीच दिसत नाही. त्या फळीला तुम्ही सुतार लोक एक नाव घ्यायचात, तेही कळवा.

खाडीवरच्या त्या जुन्या बोटीचं पाहून तसं करता आलं असतं. पण ती तुमची नाही.

हात थरथरतो म्हणून चित्र काढायला संकोच करू नका. पाठकोऱ्या कागदावर दोन रेघा मारल्यात तरी मला कळेल. आई, त्याचा फोटो शेजारच्या पोराकडून माझ्या फोनवर पाठव, म्हणजे पोस्टाची वाट बघायला नको. उत्तर येईपर्यंत मी डेक आणि डोलकाठीचं करून घेते, पोटाला हात लावत नाही.

बाबा, गुडघ्याला पट्टा बांधताय ना? पावसात विहिरीच्या बाजूला जाऊ नका, तिथे शेवाळ आहे. आई, रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील. या वेळी दोन महिन्यांच्या घेऊन ठेव, पैसे पाठवलेत. तुझी बरणी गणपतीला परत आणते, आणि बोटही. फळ्यांना तेल मी लावणार नाहीये. ते बाबांनी लावायचं. शेवटचा हात तुम्हीच फिरवायचात, मला कधी डबा धरायलाही दिला नव्हतात. या वेळी डबा मी धरीन.

तुमची,
धाकटी