कन्सोलची तुलना खोक्यावरच्या किमतीपाशी थांबू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सण किंवा शाळांच्या सुट्ट्या जवळ आल्या की वर्तमानपत्रांच्या तंत्रज्ञान पानांवर गेमिंग कन्सोलचे तुलनात्मक तक्ते छापून येतात. किंमत, प्रोसेसर, रॅम, स्टोरेज आणि शेवटी पाचपैकी किती तारे. पालक हा तक्ता मोबाइलमध्ये ठेवून दुकानात जातात आणि पन्नास हजारांचा निर्णय त्यावरच घेतात. त्या तक्त्यात जे छापलेले असते ते बहुतेक वेळा बरोबरच असते. पण घेणाऱ्याचे नुकसान होते ते न छापलेल्या गोष्टींमुळे, म्हणून त्या इथे सविस्तर मांडतो.

पहिला मुद्दा डिस्कचा. सोनीच्या प्लेस्टेशन ५ चे (पीएस५) स्लिम मॉडेल एप्रिल २०२४ मध्ये भारतात आले तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० रुपये आणि डिजिटलची ४४,९९० रुपये होती. तक्त्यात डिजिटल दहा हजारांनी स्वस्त दिसते. पण ज्या यंत्रात डिस्क जात नाही, त्याचा प्रत्येक गेम कंपनीच्या ऑनलाइन दुकानातूनच आणि त्या दुकानाच्या भावानेच घ्यावा लागतो. तो नंतर विकता येत नाही, मित्राला देता येत नाही. सोनीच्या मोठ्या नव्या गेमची किंमत आपल्याकडे ४,९९९ रुपयांपर्यंत जाते. असा गेम डिस्कवर घेऊन, खेळून, समजा दोन हजारांना विकला, तर पाच गेममध्ये दहा हजारांचा फरक फिटतो. वर्षाला तीन-चार गेम घेणाऱ्या घरात हे दीड-दोन वर्षांत होते. शिवाय जुन्या पीएस४च्या डिस्क घरात असतील तर त्याही डिस्कवाल्या पीएस५वर चालतात. उलट, घरात फक्त फोर्टनाइटसारखे फुकट गेमच खेळले जाणार असतील तर डिजिटल मॉडेल पुरते. स्लिमला डिस्क ड्राइव्ह नंतर जोडता येतो हे खरे. मात्र तो वेगळा विकत घ्यावा लागतो आणि पहिल्यांदा जोडताना कन्सोल इंटरनेटला लावावा लागतो. सर्वांत महाग पीएस५ प्रो तर कुठेही डिस्क ड्राइव्हशिवायच येतो. ७ नोव्हेंबर २०२४ला तो बाहेर आला तेव्हा अमेरिकेत ६९९.९९ डॉलर यंत्राचे आणि ७९.९९ डॉलर ड्राइव्हचे, असा हिशेब होता. भारतात तो तेव्हा आलाच नाही, कारण त्यातल्या वायफाय ७ला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे खुला नव्हता. तरीही त्या दिवसांतल्या अनेक तक्त्यांत डॉलरचे रुपये करून त्याची ‘भारतीय किंमत’ दिलेली होती.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचा हिशेब निराळा आहे. सिरीज एस नोव्हेंबर २०२०मध्ये ३४,९९० रुपयांना आला आणि सिरीज एक्स ४९,९९०ला. सिरीज एसला डिस्क ड्राइव्ह नाही, रॅम १० जीबी (एक्सची १६), आणि मूळ मॉडेलच्या ५१२ जीबीपैकी गेमसाठी सुमारे ३६४ जीबीच हाती लागतात. आजचे मोठे गेम शंभर-दीडशे जीबीचे असतात. म्हणजे दोन-तीन गेम टाकले की जागा संपली. सिरीज एसची खरी गंमत गेम पासमध्ये होती: महिन्याला थोडे पैसे भरा आणि शेकडो गेम खेळा. ऑक्टोबर २०२५मध्ये गेम पास अल्टिमेटचे भारतातले मासिक शुल्क ८२९ वरून १,३८९ रुपये झाले. त्या दराने वर्षाचे १६,६६८. दोन वर्षांत सदस्यत्वावरच ३३ हजारांहून जास्त गेले, म्हणजे जवळजवळ आणखी एक सिरीज एस. स्वस्त योजनाही आहेत, पण मायक्रोसॉफ्टचे नवे गेम पहिल्या दिवसापासून हवे असतील तर कन्सोलवर अल्टिमेटच लागते. तक्त्यात ‘गेम पास उपलब्ध’ एवढेच लिहिणे म्हणजे वाचकाला निम्मी माहिती देणे आहे.

प्लेस्टेशनकडेही असेच. इतरांसोबत ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लस लागते. सप्टेंबर २०२३च्या दरवाढीनंतर त्यातल्या सर्वांत साध्या योजनेचे वर्षाचे शुल्क २,९९९ वरून ३,९४९ रुपये झाले. फुकट गेम ऑनलाइन खेळायला मात्र ना प्लस लागते ना गेम पास, ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत आणि लोक पहिल्याच दिवशी नको ते सदस्यत्व घेऊन बसतात.

स्टोरेज वाढवण्याबद्दल जरा थांबून लिहायला हवे, कारण सर्वाधिक चुकीची खरेदी इथेच होते. साधी यूएसबी हार्ड डिस्क पीएस५ला किंवा सिरीज एक्स-एसला जोडली तर त्या पिढीचे गेम तिच्यावर नुसते साठवता येतात, तिथून खेळता येत नाहीत. खेळण्याआधी ते आतल्या ड्राइव्हवर हलवावे लागतात. थेट तिच्यावरून चालतात ते पीएस४ किंवा एक्सबॉक्स वनचे जुने गेम. एक्सबॉक्सला मागच्या खाचेत बसणारे खास एक्स्पान्शन कार्डच लागते. पीएस५मध्ये बाजारातला एम.२ एनव्हीएमई एसएसडी (पट्टीच्या आकाराचा वेगवान स्टोरेज ड्राइव्ह) बसतो, पण तो चौथ्या पिढीचा हवा आणि त्याचा वाचन-वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त असावा, असे सोनी सांगते. एसएसडीला हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) लागतेच आणि हीटसिंकसकट एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत हवी. डेस्कटॉप संगणकासाठी बनवलेल्या उंच हीटसिंकचे एसएसडी स्वस्त मिळतात म्हणून आणले जातात आणि मग खाचेचे झाकण लागत नाही.

हा एसएसडी बसवताना पीएस५ रेस्ट मोडमध्ये (अर्धवट झोपेत) नको, पूर्ण बंद हवा. सगळ्या वायरी काढा आणि धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. बाजूचे आवरण काढले की एका स्क्रूचे छोटे झाकण दिसते. त्याच्या आतली गोल कडी एसएसडीच्या लांबीप्रमाणे, बहुतेक वेळा २२८०च्या खुणेवर, ठेवायची. मग एसएसडी तिरका आत सरकवून खाली दाबायचा आणि स्क्रू हलक्या हाताने आवळायचा. कडी न हलवता स्क्रू आवळला तर पट्टी वाकते. सुरू केल्यावर कन्सोल स्वतःच फॉरमॅट करायला सांगतो आणि मग वेगही मोजून दाखवतो. दाखवलेला वेग पेटीवरच्या आकड्यापेक्षा फारच कमी आला तर बिल घेऊन लगेच दुकान गाठावे.

टीव्हीचा उल्लेख न करता कन्सोलवर ‘४के १२० हर्ट्झ’ (सेकंदाला १२० वेळा बदलणारे ४के चित्र) लिहिणे अपुरे आहे. आपल्याकडच्या घरांतले बहुसंख्य ४के टीव्ही ६० हर्ट्झचे आणि एचडीएमआय २.०चे (कन्सोल-टीव्ही जोडणीच्या जुन्या मानकाचे) आहेत. त्यांच्यावर ४केचे १२० कधीच दिसणार नाही. ज्या टीव्हीला एचडीएमआय २.१ आहे, त्यालाही ते बऱ्याचदा चारपैकी दोनच पोर्टना असते, आणि त्यातले एक साउंडबारसाठीचे ईआर्क असते. म्हणून वायर कुठल्या पोर्टात लावायची ते टीव्हीच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे. कन्सोलसोबत आलेली एचडीएमआय वायरच वापरावी. जुन्या सेट-टॉप बॉक्सच्या वायरीने चित्र मध्येच काळे होते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टाचा ‘एन्हान्स्ड’ किंवा तशाच नावाचा पर्याय चालू केल्याशिवाय अनेक टीव्हींवर एचडीआर (अधिक उजळ-गडद छटांचे चित्र) येत नाही, आणि गेम मोड चालू केल्याशिवाय बटण दाबणे आणि पडद्यावर घडणे यांत जाणवेल इतका उशीर होतो. फुल एचडी टीव्ही असलेल्या घराला सिरीज एस किंवा साधा पीएस५ भरपूर आहे. महागडे मॉडेल त्या पडद्यावर फारसे काही दाखवू शकत नाही.

आता निन्टेन्डो स्विच २ हा हातात धरूनही खेळता येणारा कन्सोल, ज्याबद्दल मुले सर्वांत जास्त विचारतात. ५ जून २०२५ला तो अमेरिकेत ४४९.९९ डॉलरला आला. आठ इंचांहून जराच लहान, ७.९ इंचांचा १०८० पी पडदा, २५६ जीबी जागा, टीव्हीला जोडल्यावर ४के. यंत्र उत्तम आहे. पण कंपनी तो भारतात अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे कंपनीची हमीही इथे नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा अन्यत्र जो मिळतो तो आयात केलेला असतो, आणि त्याची हमी म्हणजे त्या दुकानदाराचा शब्द. परदेशातले नातेवाईक आणून देणार असतील तर त्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: जपानमध्ये २०२५मध्ये ४९,९८० येनला आलेला स्वस्त स्विच २ फक्त जपानी भाषेत चालतो आणि जपान हा देश निवडलेले निन्टेन्डो खातेच त्याला जोडता येते. भाषा नंतर बदलता येत नाही. तिथला अनेक भाषांचा स्विच २ वेगळा आहे, तो तेव्हा ६९,९८० येनचा होता. टोकियोहून येणाऱ्या माणसाला हा फरक दुकानात लक्षात येणे कठीण आहे. सोनीनेही नोव्हेंबर २०२५मध्ये जपानसाठी ५५,००० येनचा, फक्त जपानी भाषेचा पीएस५ डिजिटल आणला आहे, त्यामुळे तिकडच्या पीएस५बाबतही हीच काळजी घ्यावी.

स्विच २ला मेमरी कार्ड घेताना मायक्रोएसडी एक्स्प्रेस लिहिलेलेच घ्या. मोबाइलमधले साधे कार्ड खाचेत बसते, पण त्यावर गेम टाकता येत नाहीत. जुन्या स्विचवरचे फोटो-व्हिडिओ आणण्यापुरतेच ते चालते. आणि ‘गेम-की कार्ड’ असे खोक्यावर लिहिलेले असेल तर आत गेम नसतो. कार्ड लावून अख्खा गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो, आणि नंतर खेळतानाही दर वेळी कार्ड लावलेलेच हवे. ४० एमबीपीएसच्या जोडणीवर १०० जीबीचा गेम उतरायला साडेपाच तास लागतात, हा हिशेब सगळ्याच कन्सोलना लागू आहे. घरातले इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालत असेल तर डिस्कवाले मॉडेल घेऊनही पुढची अपडेट उतरवताना दिवसाचा डेटा संपतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी तक्त्यात उष्णता आणि विजेचाही रकाना हवा. पीएस५ किती तापमानाच्या खोलीत चालवावा, हे सोनीने ५ ते ३५ अंश असे दिले आहे. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या घरांत दुपारी खोलीच ३५च्या पुढे असते. कूलरसमोर दमट हवेत कन्सोल ठेवणे हा त्यावरचा उपाय नाही. भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर अंतर, टीव्हीखालच्या बंद कप्प्यात अजिबात नाही, आणि भर दुपारी मोठे गेम नकोत. मूळ पीएस५ला बाजूचे आवरण काढल्यावर धूळ साठणारी दोन छिद्रे दिसतात. व्हॅक्यूम क्लीनरचे बारीक तोंड तिथे लावून धूळ ओढून घ्यावी, फुंकर मारू नये.

गेम चालू असताना पीएस५ सुमारे २०० वॉट खातो, सिरीज एस साधारण त्याच्या निम्म्याहून कमी. मोठा टीव्ही धरून तीन-साडेतीनशे वॉट होतात. लोडशेडिंग असलेल्या गावात ९०० व्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर हे ओझे पेलतो, मात्र त्याचे बटण ‘यूपीएस’वर हवे. दुसऱ्या मोडमध्ये वीज बदलताना इतका वेळ जातो की कन्सोल बंद पडून पुन्हा सुरू होतो. रेस्ट मोडमध्ये असताना वारंवार वीज गेली तर डेटा बिघडू शकतो, म्हणून जिथे वीज बेभरवशाची आहे तिथे रेस्ट मोड बंदच ठेवावा. तरी पीएस५ अडखळू लागला तर तो पूर्ण बंद करून पॉवरचे बटण दुसरी बीप ऐकू येईपर्यंत, सुमारे सात सेकंद, दाबून धरावे, कंट्रोलर यूएसबी वायरीने जोडावा आणि कॅशे साफ करून डेटाबेस पुन्हा बांधण्याचा पर्याय निवडावा. त्याने गेम पुसले जात नाहीत. त्याच यादीतला ‘रीसेट’ मात्र सगळे पुसतो.

एक जुना सल्ला आता छापू नये असे वाटते: ‘थोडे थांबा, स्वस्त होईल.’ पीएस४ २०१३मध्ये अमेरिकेत ३९९ डॉलरला आला आणि २०१६मध्ये त्याचा स्लिम २९९ला. या पिढीत उलटे घडले. सिरीज एक्स २०२०मध्ये ४९९.९९ डॉलरचा होता, ऑक्टोबर २०२५मध्ये ६४९.९९चा झाला. डिस्कवाला पीएस५ ऑगस्ट २०२५मध्ये ५४९.९९वर गेला. भारतातही पीएस५ ४९,९९० वरून ५४,९९०वर गेला. म्हणून किमतीच्या रकान्याखाली ती कुठल्या तारखेची आहे हे छापणे आवश्यक आहे. आपल्याकडे पैसे वाचतात ते सणांच्या सवलतीत.

शेवटी जुन्या कन्सोलबद्दल, कारण किमती वाढल्यावर बरेच वाचक तिकडे वळत आहेत. खोक्यावरचा आणि यंत्रावरचा सिरीयल नंबर जुळतो का ते पाहावे. डिस्क घालून ती वाचली जाते का, कंट्रोलरची काडी सोडल्यावर पात्र आपोआप सरकते का, हे विकणाऱ्यासमोरच तपासावे. आणि तिथेच इंटरनेट जोडून स्वतःच्या खात्याने ऑनलाइन दुकान उघडून पाहावे. कंपनीने बंदी घातली असेल तर ती यंत्रावरच असते, नवे खाते काढून ती उठत नाही. जून २०२५मध्ये नियमबाह्य कार्ड वापरलेल्या अनेक स्विच २ यंत्रांवर निन्टेन्डोने अशी बंदी घातली. त्यांच्यावर ऑनलाइन जायला गेले की २१२४-४५०८ हा एरर दिसतो. तो आकडा पडद्यावर आला तर यंत्र बाहेरून कितीही नवेकोरे दिसत असले तरी पैसे देऊ नयेत.

आपला,
एक वाचक, पुणे