मंत्रीमहोदय, खांदेरीचा कठडा कुठे अडला?

माननीय मंत्रीमहोदय,
सविनय नमस्कार.

देशातली सगळी दीपगृहं आपल्या हाताखाली आहेत. मी अलिबागजवळच्या थळचा बोटवाला. आमच्या दारातून समोरच्या खांदेरी बेटावरची बत्ती दिसते. दीपगृह हा शब्द मी फक्त अर्जात लिहितो, आमच्यात ती बत्तीच. पत्राचं कारण असं, की होळीच्या दिवशी माझी आई खांदेरीच्या धक्क्यावर पडली आणि उजवं मनगट मोडून घेऊन घरी आली.

तिचं वय ७४. लग्न होऊन थळला आली त्या वर्षापासून ती वेताळदेवाला नारळ ठेवायला जाते. ओहोटी लागलेली, म्हणून धक्क्याच्या खालच्या चार-पाच पायऱ्या उघड्या. वर हिरवं शेवाळ, कडेला कालवं, आणि हात धरायला गंजलेल्या लोखंडाचे दोन खुंट. बोट वर उचलली की पाय टाकायचा, खाली गेली की थांबायचं, हे तिला कुणी शिकवायला नको. पाय तिने बरोबर टाकला. हात खुंटाकडे नेला आणि खुंटच हातात आला. परडी पाण्यात, नारळ तरंगत शेजारच्या उंदेरी बेटाच्या दिशेला, आणि आई पायरीवर बसून, "माजा नारल, माजा नारल." मनगटाकडे तिचं लक्ष नंतर गेलं.

आता शब्द दिल्याचं सांगतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात आमची खांदेरी. गावात पेढे वाटले, मीही वाटले. दिवाळीच्या सुमारास एक साहेब पाहणीला आले. कुठल्या खात्याचे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्याच बोटीने नेलं, डिझेलचे पैसेही घेतले नाहीत. त्याच पायरीवर ते घसरले, माझा खांदा धरला म्हणून वाचले. वर चढून हसत म्हणाले, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! होळीच्या आत कठडा बसवून देतो." मोबाइलवर पायरीचा फोटोही काढला. तो फोटो अजून त्यांच्याकडे असेल, कठडा मात्र आला नाही.

मग मी अर्ज घेऊन फिरलो. किल्ला राज्याचा, बत्ती केंद्राची. धक्क्याचं नाव काढलं की जो तो दुसऱ्या कचेरीचा पत्ता देतो. तीन ठिकाणी आवक नंबर मिळाला, उत्तर कुठूनच नाही. बोट बंद ठेवून फिरलेले दिवस मी मोजले नाहीत. पंधरा तरी असतील, वीसही असतील.

साहेब, या बेटाला अडवणूक नवी नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या हुकुमाने त्यांच्या आरमारातले मायनाक भंडारी इथे तटबंदी बांधायला उतरले, तेव्हा मुंबईचे इंग्रज 'बेट आमचं' म्हणत गलबतं घेऊन आडवे आले. आमच्या लोकांनी रात्रीच्या काळोखात लहान होड्यांतून माल पोचवला. मोठी गलबतं पाहत राहिली, किल्ला उभा राहिला. १८६७ मध्ये त्याच इंग्रजांनी मुंबईकडे येणारी जहाजं खडकावर आपटू नयेत म्हणून अष्टकोनी मनोऱ्याची ही बत्ती बांधली. पुढे तिला कान्होजी आंग्र्यांचं नाव दिलं, ते छानच झालं. माझा बाप बत्तीवर पिण्याचं पाणी आणि डिझेलची पिंपं पोचवायचा. मला एकदा वर नेलं होतं. बत्तीवाले काका मऊ फडक्याने भिंग पुसत होते आणि मला म्हणाले, हात मागे बांधून बघ. मी हात मागे बांधूनच बघितलं. सरकारी वस्तूशी आम्ही असेच वागत आलोय.

१९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा आला, त्यात वारसा दीपगृहांचीही सोय आहे म्हणे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ७५ दीपगृहांवर पर्यटनाच्या सोयींचं एकदम लोकार्पण झालं. देशात बत्त्या दोनशेच्या वर आहेत, मोजायला मी गेलो नाही. एलईडी दिवे आले, सौर पॅनेलं आली, लांबच्या जहाजाचं नावगाव किनाऱ्यावरच्या पडद्यावर दिसतं. चांगलंच आहे. माझा मोबाइल भिजून बंद पडला की मीही बत्तीच बघतो. पण दहा कोसांवरच्या परदेशी जहाजाची एवढी काळजी आणि बत्तीच्या पायाशी उतरणाऱ्या म्हातारीला दोन लोखंडी नळ्या नाहीत?

एलईडीचं निघालंच आहे तर ऐका. एलईडी लावून मासेमारी करायला २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. रात्री आमच्या ओट्यावर येऊन बसा. एकीकडे बत्ती फिरते, तिच्यापलीकडे पाण्यावर लग्नमंडपासारखा झगमगाट. पिल्लासकट मासळी उचलून नेतात. हा मंडप पाहणीवाल्या साहेबांना दिसत नाही, माझ्या बोटीचा परवाना चार दिवस उशिरा झाला तर तो बरोबर दिसतो. डिझेलचा परतावा कधी येईल हे वेताळदेवाला विचारावं लागतं. बंदर मोठं होतं, जहाज मोठं होतं, भाषणही मोठं होतं, आणि आमचं नाव 'स्थानिक मच्छीमार बांधव' असं शेवटच्या ओळीत. आम्ही कुणाचे बांधव, हे एकदा सांगून टाका.

मागणी मोठी नाही. पायऱ्या खरवडून घ्या. दोन्ही बाजूंनी न गंजणारा कठडा लावा. बोट आपटू नये म्हणून धक्क्याला जुने टायर बांधा, ते मी फुकट देतो, माझ्याकडे पडलेत. आणि धक्का कुणाच्या मालकीचा, ते एका कागदावर सही-शिक्क्यासकट लिहून द्या.

आईचं प्लास्टर दीड महिन्याने निघेल. पुढच्या होळीला ती जाणार म्हणजे जाणारच. मी नको म्हणालो तर म्हणाली, "नारल बुडला, नवस नाय बुडला."

एक्स-रे आणि प्लास्टरच्या पावत्यांची झेरॉक्स जोडली आहे. वर कुठल्या खात्याचं नाव घालायचं, तेवढं कळवा.

आपला,
थळचा एक बोटवाला