जीपीएसचे आकडे वहीत कशाला उतरवता?

मा. संपादक साहेब,

आमच्या सातपुड्यात वनहक्काच्या दाव्यांसाठी जमीन जीपीएसने मोजतात, माणूस यंत्र हातात धरून बांधाबांधाने फिरतो, इथपर्यंत सगळं चांगलंय, पण पुढं काय तर स्क्रीनवरचे आकडे वहीत लिहायचे आणि मग ते कोणीतरी कॉम्प्युटरवर टाइप करायचे. घोळ इथंच होतो. अक्षांश 21 अंश 30 मिनिटं म्हणजे 21.5 अंश (60 मिनिटांचा एक अंश), टाइप करणारा 21.30 टाकून मोकळा होतो आणि नकाशावर शेत सरळ 22 किलोमीटर दक्षिणेला जातं, मग गरीब माणसाने चकरा मारायच्या.

अहो, केबल लावा ना! बरीचशी नवी जीपीएस यंत्रं कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडली की पेनड्राइव्हसारखी दिसतात, आत मोजणीची जीपीएक्स फाइल असते, ती कॉपी करायची, झालं. फक्त केबल डेटावाली पाहिजे, नुसत्या चार्जिंगच्या केबलने काही होत नाही. जुन्या सीरियल पोर्टवाल्या यंत्रांना यूएसबी-सीरियल केबल आणि जीपीएसबेबल हे फुकट सॉफ्टवेअर चालतं. एक मात्र बघा, काही जुन्या यंत्रांत ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, सेव्ह केला की वेळेची नोंद उडते आणि पॉइंटही कमी होतात, म्हणून आधी सेव्ह न केलेला चालू ट्रॅकच कॉम्प्युटरवर घ्या.

जीपीएक्स फॉरमॅट 2002 पासून सगळ्यांसाठी खुला आहे, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट उघडतो. माझं म्हणणं एवढंच की मोजणी झाली की त्याच दिवशी ती फाइल दावेदाराच्या मोबाइलवर पण द्या, जमीन तो कसतो, तर पुरावाही त्याच्याकडे राहू द्या.

– एक वाचक, धडगाव, जि. नंदुरबार