कापड हाताला लागेल असा व्हिडिओ

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं, तुझ्या कापडाचा व्हिडिओही दोनदा पाहिला. ‘कापड दिसतं, पण हाताला लागत नाही’ हे तुझं म्हणणं खरं आहे. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

आधी एक कर. डोळे मिटून तळहात एकमेकांवर चोळ आणि नुसता आवाज ऐक. १९९८ साली फिनलंडच्या योउस्मॅकी आणि हारी या संशोधकांनी लोकांना असेच तळहात चोळायला लावले. फक्त हात चोळण्याचा आवाज मायक्रोफोनने घेऊन त्याच क्षणी त्यांच्या हेडफोनवर सोडला. त्यातला २००० हर्ट्झच्या वरचा भाग वाढवला की लोकांना आपलीच कातडी कोरडी, कागदासारखी वाटायची. हात तेच, कातडी तीच! आवाज जरा मागे पडला की भास ओसरायचा.

मुळात खरखरीत वस्तूवरून बोट फिरतं तेव्हा कातडीही थरथरते आणि हवाही. कातडीखालचे काही संवेदक २०० ते ३०० हर्ट्झच्या कंपनांना सर्वांत जास्त दाद देतात, आणि ती कंपनं कानालाही ऐकू येतात. म्हणून, रागावू नकोस, पण तुझं पार्श्वसंगीत काढून टाक. नेमकं जे ऐकू यायला हवं तेच त्याखाली दबलंय. मायक्रोफोन बोटांजवळ आण. जाड विणीवरून फिरणारं नख, चुरगाळलेल्या रेशमाची सळसळ, एवढं पुरे.

आता डोळ्यांचं. २००४ मध्ये संशोधक आनातोल लेक्युए आणि सहकाऱ्यांनी सपाट पडद्यावर माऊसचा बाण एका जागी मंदावला आणि पुढे झपकन सोडला, तर लोकांना तिथे उंचवटा जाणवला. यंत्रहातांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांचंही असंच आहे. बऱ्याच यंत्रांत ताण त्यांच्या हातापर्यंत पोचतच नाही. मग ऊती किती ओढली जातेय, कुठे पांढुरकी पडतेय, हे पाहून ते जोर आवरतात.

तू मात्र घडी घातलेलं कापड टेबलावर ठेवून कॅमेरा फिरवलास. त्याला कुणाचा तरी हात लागू दे. अंगठ्याने दाब, ताण, वरून सोड. ते किती वेळात खाली बसतं ते दिसू दे. उजेड तिरपा ठेव, म्हणजे धाग्याधाग्याची सावली पडेल. ऊब आणि ओल यांचं काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

नवा व्हिडिओ लवकर पाठव. पहिल्यांदा मी तो डोळे मिटून ऐकणार आहे.

तुझा,
अनिल