शिरुई लिलीचा कंद मागू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत एका रोपवाल्याकडून मी 'शिरुई लिली' म्हणून दोन कंद घेतले, ३०० रुपयांना. माझा भाचा लष्करात आहे. मणिपूरच्या उखरुल जिल्ह्यात असताना त्याने या फुलाचा फोटो पाठवला होता. धुक्यात भिजलेलं गवत आणि त्यात मान खाली घातलेल्या फिकट गुलाबी घंटा. तो फोटो मनातून जाईना. गच्चीवर हिरवी जाळी बांधली, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. मे महिन्यात वर आला तो लालभडक चेंडू. आपली नेहमीची फुटबॉल लिली!

पैशांचं वाईट वाटलं, पण दोनच दिवस. नंतर बरंच वाटलं. कंद खरा असता, तर तो शिरुईच्या डोंगरावरून कुणीतरी उपटूनच आणलेला असता ना?

ही लिली मणिपूरचं राज्यफूल आहे. फ्रँक किंग्डन-वॉर्ड या वनस्पतिशोधकाला ती १९४६ मध्ये तिथे आढळली आणि त्याची पत्नी जीन मॅक्लिन हिच्यावरून तिचं शास्त्रीय नाव पडलं. तांगखुल नागा लोकांना ती त्याआधीच ठाऊक होती, त्यांच्या भाषेत तिला स्वतःचं नाव आहे. तो डोंगर सोडून ती कुठे जगतच नाही, असं सांगतात. तसं नाही, स्कॉटलंडच्या बागांतही ती फुलते. तिला गारवा हवा, ओल हवी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो. इथे आणलेला कंद सुकणारच, आणि तिकडे डोंगरावर एक फूल कमी होणार.

सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. शाळेत शिकवत असताना मी मुलांना तिथे नेलं होतं, तेव्हा गवतात डौलात चालणारा एक माळढोक आम्हाला दिसला होता. आता त्याच्या दर्शनासाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते.

त्या रोपवाल्याला फोन केला, तर म्हणाला, "मॅडम, पुढच्या गड्ड्याला अस्सल आणून देतो." मी नको म्हटलं. तो इतरांनाही विचारेल. बागप्रेमींना हात जोडून विनंती, तुम्हीही नकोच म्हणा.

एक निवृत्त शिक्षिका,
जुळे सोलापूर