पेटीवर नाव लिहायला सरकारचं काय जातं?

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. जमलं तर.

दिवाळीत कोपरखैरण्याला 'अस्सल काश्मिरी अंबरी' म्हणून 320 रुपये किलोनं सफरचंदं घेतली. अंबरी म्हणजे काश्मीरचा मूळचा वाण. कापली तर पिठूळ, वासाचा पत्ता नाही, सालीवर नख फिरवलं तर नखात मेण. डेलिशस या दुसऱ्याच वाणाची ती, स्टिकर तेवढं अंबरीचं. तक्रार केली. तुमचे साहेब म्हणाले, "आठ दिवसांत माणूस पाठवतो." होळी आली. परवा पुन्हा किलोभर घेतली, तोच ठेला, तेच स्टिकर, भाव मात्र 360.

मला अंबरी ओळखता येते हो! वडील सैन्यात होते. सुट्टीवर येताना शोपियानची लाकडी पेटी आणायचे, पेंढ्यात बसवलेली. झाकण उचकटलं की चाळीत चार खोल्यांपलीकडे कळायचं. लांबट फळ, लालसर पट्टे, आत पांढरंशुभ्र. फ्रिज कुठला? आई तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची. संक्रांतीलाही कुरकुरीत! आमच्या मजल्यावरच्या काश्मिरी काकू सफरचंद घालून वांगी करतात. त्यांच्याकडे फोडी वाळवून हिवाळ्याची बेगमी करायचे म्हणे. मेणाच्या फळाची काय बेगमी करणार?

अंबरीच्या झाडाला फळ धरायला फार वर्षं लागतात, म्हणून काश्मीरच्या बागायतदारानं अमेरिकेहून आलेलं डेलिशस लावलं. त्याला मी दोष देत नाही, पोट त्यालाही आहे. पण वाशीच्या फळबाजारात पहाटे चारला एकदा जाऊन बघा. शंभरातल्या नव्वद पेट्यांवर वाणाचं नाव नसेल. मोजल्या नाहीत, पण पैज लावतो. 2016 मध्ये फळं-भाजी बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केलीत, 2023 मध्ये दिल्लीनं अमेरिकन सफरचंदावरचा 20 टक्के जादा कर काढला. सगळे मोकळे झाले. अडकलो फक्त आम्ही, पावती मागणारे. (पावती मागितली तर ठेलेवाला हसतो. तुमचे साहेबही हसले होते.)

घरपट्टी एक दिवस चुकली तर आमचं नाव, विंग, फ्लॅट नंबर सगळं तुम्हाला बरोबर सापडतं. ठेला मात्र सापडत नाही. स्टेशनच्या दारात आहे, साहेब. तुमची गाडी तिथूनच जाते, सायरन वाजवत.

पेटीवर वाणाचं नाव आणि खोटं नाव लावणाऱ्याला दंड, एवढंच मागतोय.

आपला,
कोपरखैरण्याचा एक करदाता

ता. क. : परवाच्या किलोतली तीन उरली आहेत. माणूस पाठवणार असाल तर लवकर पाठवा, एकाला डाग पडलाय.